कुंकू लावलेले बोल्ट

मिलिंद,

तू गेल्यापासून गराजमधला दिवा मी बंद केलेला नाही. तू असतास तर पहिल्याच दिवशी ओरडला असतास. पण दिवा बंद केला की तुझी मोटरसायकल दिसेनाशी होते, आणि न दिसणाऱ्या गाडीची मला जास्त भीती वाटते. दिसते तेव्हाही वाटतेच. माझं तुला माहीत आहे, लग्न झाल्यापासून तू हेच पाहत आलास.

लोक भेटायला आले तेव्हा तुझ्याबद्दल छान छान बोलले. किती शांत होता, कुणी घर बदललं की मूव्हिंगला, सामान उचलायला, हजर असायचा. मी मान हलवत होते. त्यांना कसं सांगणार, की माझ्या डोक्यात तुझ्या आठवणी कमी आणि तुझे बोल्ट जास्त आहेत? केमोनं तुझी बोटं बधिर झाली होती. शर्टाची बटणं मी लावून द्यायची. आणि त्याच बोटांनी तू दुपारभर गराजमध्ये बसून इंजिन जोडत होतास. तू गेल्यावर आठवडा होतो न होतो तोच आपल्या रेवानं जाहीर केलं, की ती ही गाडी घेऊन न्यू मेक्सिकोच्या डोंगरात जाणार. एकटी.

तेव्हापासून मला एकच विचारायचं होतं. तू सगळे बोल्ट आवळलेस का रे?

हे सगळं सुरू झालं तेही माझ्यामुळेच, असं तू सगळ्यांना सांगायचास. न्यू मेक्सिकोच्या त्या चढावर मी तुझ्या मागे बसले होते. दोन्ही बाजूंचे डबे सामानानं भरलेले, समोरून वारा, आणि आपल्या मागे एक अठरा चाकांचा ट्रक. तू ॲक्सिलरेटर पिळत होतास आणि गाडी नुसती कण्हत होती. ट्रकचं नाक आरशात मोठं मोठं होत गेलं. मी तुझं जॅकेट इतकं घट्ट धरलं होतं, की वर पोचल्यावर बोटं उघडेनात. तिथल्या पेट्रोल पंपावर मी तुला म्हटलं, या गाडीत दम नाही. म्हणजे, ही गाडी विक. सरळ मराठीत बोलले होते, समोरच्याला कळेल अशा बेतानं. आणि तू घरी येऊन इंजिन खाली उतरवलंस. म्हणे तूच म्हणालीस ना दम नाही, मग दम भरतो. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

तुझा तर्क मला आजही पटलेला नाही. गाडी जुनी, सांगाडा जुना, ब्रेक त्याच काळचे. त्यात इंजिनाची ताकद वाढवायची म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मी हे म्हटलं की तू ब्रेकही बदलतो म्हणायचास, शॉक्सही बदलतो म्हणायचास, आणि बदललेसही. फोर्ट वर्थच्या एका वर्कशॉपमधून सिलिंडर मोठे करून आणलेस. मोठे पिस्टन आले, नवे कॅमशाफ्ट आले, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारे दांडे. डिशवॉशरमध्ये माझ्या पोह्यांच्या कढईशेजारी इंजिनाची झाकणं धुऊन निघाली आणि नंतर चार दिवस पोह्यांना रॉकेलचा वास येत होता. श्रीखंडाचे सगळे रिकामे डबे नट-बोल्टांनी भरले. हवा आत जाण्याच्या वाटा तू हातानं घासून गुळगुळीत करायचास आणि मला म्हणायचास, बघ, बोट फिरव. मी फिरवायची नाही. आता वाटतं, फिरवायला हवं होतं.

आपलं भांडण काही गाडीचं नव्हतं, भीतीचं होतं. तू ऑफिसात कोड लिहायचास आणि मी दुसऱ्या कंपनीत दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढायची. मला पगारच मुळी वाईट काय होऊ शकेल याचा विचार करण्याचा मिळतो. घरी आल्यावर ते थांबवायचं कसं, हे मला कधी जमलं नाही. रेवा ॲम्ब्युलन्सवर कामाला लागली तेव्हा तिला वाटलं, आईला जरा धीर येईल. उलटच झालं. आता तिच्या शिफ्टमध्ये काय काय होतं हे मला बसल्या जागी कळायला लागलं. तू हसायचास. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, म्हणायचास. आणि फार वाद झाला की तुझं ते ठरलेलं वाक्य यायचं, डोळे इंजिनावरून न हलवता: "भीतीनं आजवर एकही बोल्ट आवळला गेलेला नाही."

मी चरफडत आत जायचे.

कुंकवाचं कसं सुरू झालं, आठवतंय? बोल्ट नीट आवळला की त्यावर रंगाच्या पेनानं खूण करतात, म्हणजे कुठला झाला आणि कुठला राहिला ते कळतं. तुझं पेन वाळून गेलं होतं. दुकान दहा मिनिटांवर. पण तू उठून आत आलास आणि माझ्या ड्रेसिंग टेबलावरची ओल्या कुंकवाची बाटली घेऊन गेलास. ती मी सणासुदीलाच वापरायची, एरवी टिकली. मी गराजमध्ये येऊन पाहते तर इंजिनावर लाल टिंबांची रांग. माझं कुंकू इंजिनाला, म्हणून मी उखडले. तू म्हणालास, "नवऱ्याच्या नावानंच लावतेस ना? मग नवऱ्यानं कुठे कुठे हात लावलाय, ते त्यालाच दाखवू दे." मला हसू आलं, आणि एकदा हसल्यावर भांडण पुढे नेता येत नाही, हे तुला पक्कं ठाऊक होतं. बाटली तिकडेच राहिली. रेवा मदतीला यायची तेव्हा तिलाही तू नियम घालून दिलास. बोल्ट हवा तितका आवळला की टॉर्क रेंच, तो खास पाना, टक् वाजतो; तो वाजल्याशिवाय टिंब लावायचं नाही. आधी लावून मग आवळायचं, तर अजिबात नाही.

मग तुझे रिपोर्ट आले. त्यावर मी इथे काही लिहिणार नाही, ते दिवस आपल्या दोघांनाही पाठ आहेत.

तुझ्या आई पुण्याहून आल्या त्या नवरात्राच्या आधी. खंडेनवमीला त्यांनी विचारलं, घरात हत्यारं कुठली? तू म्हणालास, आहेत की, गराजमध्ये. त्यांनी पान्यांची पूजा केली, झेंडूची फुलं इंडियन ग्रोसरीतून आणलेली, आणि मग गाडीकडे वळल्या. इंजिन तेव्हा सांगाड्यात परत बसवलेलं होतं. मी वरच्या मजल्यावर मीटिंगमध्ये होते, तू खुर्चीत डोळे मिटून पडला होतास. त्या माउलीनं एका हातात वाटी घेऊन जो जो बोल्ट दिसला त्या त्या बोल्टाला हळदकुंकू लावलं. मुलाच्या आजारपणात आईनं काय काय केलं नसतं? हे हाताशी होतं, ते केलं. मी खाली आले तेव्हा अख्खं इंजिन नटलेलं होतं, आणि तुझी टिंबं कुठली आणि आईंची कुठली, हे ब्रह्मदेवाला सांगता आलं नसतं.

तू डोळे उघडलेस, पाहिलंस, आणि इतका हसलास की खोकला आला. "आई, आता सगळेच पास झाले," म्हणालास. त्यांना काही कळलं नाही, पण तू हसलास म्हणून त्याही हसल्या. मला म्हणालास, परत एकदा सगळे बघून घेतो. मी हो म्हटलं. त्यानंतर तू किती दुपारी गराजमध्ये गेलास हे मला माहीत आहे, आत काय केलंस ते माहीत नाही.

एका दुपारी मी वरचं झाकण उघडं पाहिलं होतं. आतले कॅमशाफ्ट तेलानं चमकत होते आणि तू त्यांच्यावर वाकलेला होतास. त्याच वेळी हॉस्पिटलमधून फोन आला, रक्ताचा रिपोर्ट बरा नाही, लगेच निघा. मी तुला हाक मारली. तू म्हणालास, आलोच, धूळ जाईल, झाकण ठेवून येतो. त्या आठवड्यात तू रेवाला तुझ्या बहिणीच्या नावानं हाक मारलीस. चहात साखर घातलीस का विचारलं तर तू कपाकडे बघत राहिलास, कप काय असतो हे आठवावं लागत असल्यासारखा. नंतर कधीतरी मी पाहिलं तेव्हा झाकण बोल्ट लावून पक्कं बसलेलं होतं. तू विसरला होतास की तुझं काम पूर्ण झालं होतं, हे मी विचारलं नाही. तेव्हा विचारायच्या गोष्टी दुसऱ्याच होत्या.

मग तू गेलास, आणि रेवानं तारीख ठरवली.

बाहेरचे बोल्ट तिनं तपासले, म्हणजे माझ्या कटकटीला वैतागून तपासले. भास्कर आला होता. आपला नागपूरचा भास्कर, तुझ्याबरोबर पहिल्या नोकरीपासूनचा. रेवा रेंच एकेका बोल्टावर ठेवायची आणि तो टक् वाजायचा, एकही तसूभर फिरला नाही. दोघांनी माझ्याकडे पाहिलं, झालं समाधान, अशा नजरेनं. मी म्हटलं, वरचं झाकण उघडा.

भास्कर म्हणाला, "वहिनी, झाकण काहून उघडता? मिलिंदचं काम आहे, यार. बाहेरचे सगळे टाइट आहेत न."

मी म्हटलं, बाहेर आईंचा हात पोचला होता. आत नाही पोचला. आत जी टिंबं असतील ती फक्त मिलिंदची.

रेवानं हातातला रेंच खाली ठेवला. तिचा आवाज चढत नाही, तुझ्यासारखाच, आणखी हळू होतो. "आई, बाबा बिल्ट धिस. आय ट्रस्ट हिम."

"मी पण ठेवते विश्वास," मी म्हटलं. "त्याच्या बोटांवर नाही ठेवत. बटणं मी लावत होते."

हे बोलायला नको होतं, असं भास्करच्या चेहऱ्यावर दिसलं. तुझ्या लेकीसमोर तुझी ही गोष्ट काढल्याचं मलाही वाईट वाटलं. पण मिलिंद, माझ्या डोळ्यांपुढे तो चढ होता, तो ट्रक होता, आणि या वेळी जॅकेट धरायला मागे कुणी नव्हतं. रेवा खाली बसली आणि झाकणाचे बोल्ट सोडवायला लागली.

आत तुझी टिंबं होती. तेलानं थोडी फिकी झालेली, काही वाकडी, एक तर बोल्टाच्या बाहेरच पडलेलं. पण होती. रेवा एकेकावर बोट ठेवत गेली. तुला इतक्या दिवसांनी पाहिल्यासारखं झालं. भास्करनं चष्मा काढून पुसला. मला वाटलं, चला, आपणच वेड्या. इतकं हलकं मला तू गेल्यापासून वाटलं नव्हतं.

आतली साखळी ज्या दातेरी चक्रांना फिरवते, ती प्रत्येकी दोन बोल्टांनी धरलेली आहेत. ते मला रेवानं समजावून सांगितलं. एक बोल्ट वर दिसतो, दुसरा खाली लपलेला असतो. एक आवळायचा, मग इंजिन हातानं एक फेरा फिरवायचं, की दुसरा वर येतो. तिनं बाजूनं पाना लावून इंजिन सावकाश फिरवलं. पहिल्या चक्राचा दुसरा बोल्ट वर आला, त्यावर टिंब. दुसऱ्या चक्राचा वर आला. कोरा.

रेवानं रेंच लावलाच नाही. नुसती दोन बोटं ठेवली आणि तो बोल्ट फिरला.

भास्कर हळूच म्हणाला, हायवेवर हा सुटला असता तर इंजिन जागच्या जागी जाम झालं असतं, मागचं चाकसुद्धा. मला सांगायची गरज नव्हती. ते मी आठवडाभर रोज पाहत होते. रेवा मात्र गराजच्या फरशीवर मागे टेकून बसली. रोज ॲम्ब्युलन्समधून दुसऱ्यांची हाडं गोळा करणारी मुलगी, तिच्या ओठांचा रंग गेला होता. मी तिच्याजवळ खाली बसले. गुडघे दुखतात म्हणून मी कधी खाली बसत नाही, हे तिला माहीत आहे. तिनं माझा हात धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा, आणि बराच वेळ सोडला नाही.

त्या दुपारी तू इंजिन फिरवायलाच निघाला असशील, आणि मी हाक मारली असेन. नक्की कोण सांगणार? मी तुझ्यावर चिडलेही, खूप. तुझ्या हट्टापायी माझी मुलगी गेली असती. आणि मग त्या फिक्या, वाकड्या टिंबांकडे पाहिलं आणि चिडता येईना. रेवानं जायची तारीख कॅन्सल केली. पुढचे कितीतरी रविवार आम्ही तिघांनी मिळून तुझं इंजिन पार आतपर्यंत उघडलं. भास्कर मला हातात धरायला भाग द्यायचा आणि मी घाबरत घाबरत धरायची. बाकी एकही बोल्ट सैल निघाला नाही, मिलिंद. एकही नाही. ज्या बोटांना बटण लागत नव्हतं, त्यांनी हे सगळं केलं होतं. मला ते कुणाला तरी सांगायचं होतं, आणि सांगण्यासारखा माणूस तूच होतास.

आईंना आम्ही काही बोललो नव्हतो. पण माणसाला कळतं. एकदा चहा देताना त्यांनी विचारलं, "माझ्या कुंकवानं काही घोळ झाला का गं?" मी म्हटलं, नाही आई, उलट तुमच्या कुंकवामुळेच आत बघायचं सुचलं. खोटं नाही बोलले मी. त्यांनी कप घेतला आणि माझ्या कपाळाकडे पाहिलं. म्हणाल्या, "तू लावत जा हो. हे गेल्यावर मी नाही लावलं, तेव्हा काळ तसा होता. तू माझ्यासारखं करू नकोस."

तो कोरा बोल्ट, त्याचं सांगायचं राहिलं. त्याच दिवशी, फरशीवरून उठल्यावर रेवानं तो आवळला. रेंच टक् वाजला. मग तिनं तुझ्या फळीवरून कुंकवाची बाटली काढली, टोपण उघडलं आणि माझ्यासमोर धरली. "यू डू इट," म्हणाली. मग माझ्यासाठी मराठीत, "तू लाव, आई." मी लावलं. टिंब वाकडंच आलं. आता त्या झाकणाखाली तुझी सगळी टिंबं आहेत आणि एक माझं.

भीतीनं आजवर एकही बोल्ट आवळला गेलेला नाही, म्हणायचास ना? एक गेला. इतक्या वर्षांनी वाद जिंकले, आणि तोंड वाकडं करायला समोर तू नाहीस. असं जिंकण्यात काही राम नाही रे.

गाडी सुरू झाली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. ओट्यावरच्या वाट्या किणकिणल्या. आधीपेक्षा आवाज खोल आहे, तू म्हणाला होतास तसाच. नवे पिस्टन आत रुळेपर्यंत रेवानं ती इथेच, लेकच्या रस्त्यानं, सावकाश चालवली. मी प्रत्येक वेळी ड्राइव्हवेवर उभी राहायची आणि ती वळणावरून दिसेनाशी झाली की माझ्या डोळ्यांपुढे तो ट्रक यायचा. तो ती परत येईपर्यंत जात नाही. बोल्ट सगळे आवळून झाले तरी गेलेला नाही. जाणारही नाही. जित्याची खोड आहे ही.

उद्या सकाळी ती न्यू मेक्सिकोला निघते आहे. त्याच चढावर जाणार आहे. म्हणाली, आई, मागे बस. मी नाही म्हटलं. मग म्हणाली, नेक्स्ट टाइम. मी त्यावर नाही म्हटलं नाही.

तिचे डबे भरताना मी कुंकवाची बाटली त्यात ठेवली. वाटेत काही सोडून आवळावं लागलं तर. ठेवण्याआधी मात्र बाटली घेऊन आरशापुढे गेले होते. टोपण उघडलं, काडी बुडवली. आई म्हणतात ते मला पटतं. इथे मला कुणी विचारणार नाही, आणि विचारलं तरी मी ऐकून घेणार नाही. पण काडी कपाळाजवळ नेली आणि तुझा नियम आठवला. आवळून झाल्याशिवाय टिंब लावायचं नाही.

इंजिनाचं झालं; मी मात्र सैलच आहे. म्हणून अजून लावलेलं नाही.